वृद्धनिवास सुरू करताय? आधी रात्रपाळी ठरवा

8 आजी-आजोबांसाठी निवास सुरू केला तेव्हा तयारीचे 3 महिने मी खोल्या, रंग आणि पलंग यांतच घालवले. रात्री कोण असेल, हे ठरवलं अगदी शेवटच्या आठवड्यात. पहिल्याच महिन्यात पहाटे 3 वाजता एक आजोबा लघवीला उठले आणि पडले. रात्रपाळीला एकच मावशी होत्या. त्या तेव्हा दुसऱ्या खोलीत एका आजींचा डायपर बदलत होत्या. आजोबांच्या खुब्याचं हाड मोडलं. चूक मावशींची नव्हती, माझी होती.

म्हणून या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी पहिल्यांदा एवढंच विचारते, की रात्री 2 वाजता तुमच्याकडे किती माणसं जागी असतील? उत्तर 'एक' असेल तर अजून दार उघडू नका. ज्यांना स्वतःहून हलता येत नाही त्यांना साधारण दर 2 तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर माकडहाड, टाचा, खुबे इथं बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा होतात, आणि जखम एकदा खोल गेली की भरायला महिने लागतात. हे काम दोघांचं आहे. एकटीनं ओढलं तर त्यांची कातडी चादरीवर घासते आणि ओढणारीची कंबर जाते. एअर बेड, म्हणजे हवेची गादी घेतली तरी यातून सुटका नाही.

जागेचं सोपं आहे: उंबरे काढा, कमोडशेजारी आधाराचे दांडे भिंतीत पक्के बसवा, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. रॅम्प करताना 1 फूट उंचीला 12 फूट लांबी धरा. परवाने आणि आगीची व्यवस्था पहिला माणूस राहायला येण्याआधी पूर्ण हवी.

प्रवेश देताना मात्र घाई नको. 'बाबा सगळं स्वतः करतात' असं मुलं मनापासून सांगतात, तरीही मी घरी जाऊन त्यांना खुर्चीतून उठताना पाहते आणि सगळ्या गोळ्या समोर मांडायला लावते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला लागल्यावर 'बरे दिसताहेत' म्हणून थांबता येत नाही, लगेच रुग्णालयात न्यावं लागतं. ज्यांची काळजी आपल्याच्यानं होणार नाही त्यांना नाही म्हणायला मला फार जड गेलं. पण ते म्हणावंच लागतं.

पाळी बदलताना तोंडी निरोपावर राहू नका. कोण किती पाणी प्यायलं, कुणाला शौचाला कधी झालं, कोण नेहमीपेक्षा गप्प आहे, हे सगळं वहीत हवं. म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप येईलच असं नाही. कधी कधी माणूस फक्त अचानक गोंधळतो. एकदा मावशींनी वहीत लिहिलं होतं, 'आजी रात्री मला ओळखेनात, काल ओळखत होत्या.' वयाचं म्हणून सोडून न देता सकाळीच डॉक्टरांना बोलावलं. लघवीत संसर्ग निघाला. औषध सुरू झालं आणि चौथ्या रात्री आजींनी मावशींना नावानं हाक मारली.