ट्रॅफिक हवालदार तोडपाणीवर आला तर काय करायचं

चौकात शिट्टी वाजते, गाडी बाजूला घ्यायला लावतात, "पाच हजार बसतील बघा, काय करायचं ते सांगा" असं म्हणून साहेब गप्प उभे राहतात. त्या गप्प उभं राहण्यातच सगळा धंदा चालतो, कारण आपल्याला कामावर जायची घाई असते आणि मग आपणच खिशात हात घालून विचारतो, "दोनशेत होईल का?" हे विचारायचंच नाही. आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, "साहेब, चलान करा."

आता ई-चलान मशीन आहे, त्यामुळे जागेवर पैसे भरायची सक्ती नाही. चलान अनपेड ठेवता येतं, मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाईलवर येतो (नंबर जुना असेल तर आजच बदलून घ्या, दुसऱ्याची गाडी असेल तर मेसेज मालकाला जाणार), नंतर महाट्रॅफिक ॲपवर निवांत भरा. चलान चुकीचं वाटलं तर तक्रारही तिथेच टाकता येते. सिग्नल खरंच तोडला असेल तर पूर्ण दंड भरा, त्यात घासाघीस नको. आणि दारू पिऊन गाडी चालवली असेल तर ते कोर्टाचं प्रकरण आहे, त्यातून सुटायच्या युक्त्या मी सांगणार नाही.

तो पाच हजारांचा आकडा कुठून येतो ते नीट समजून घ्या. पाच हजार दंड लायसनच नसताना गाडी चालवण्याचा आहे. लायसन आहे पण घरी राहिलंय, हा वेगळा आणि खूप कमी दंडाचा प्रकार आहे, पण घाबरवताना मोठाच आकडा सांगतात. म्हणून लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं डिजीलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये टाकून ठेवा, ते कायद्याने चालतं. गॅलरीतला फोटो मात्र चालत नाही, तिथे लोक हमखास अडकतात. ॲप उघडून दाखवा, मोबाईल हातात देऊ नका. लायसन जप्त करतच असतील तर त्याची पोच मागा. गाडीची चावी काढून घेण्याचा अधिकार कायद्यात कुठे लिहिलेला नाही, तसं केलं तर शांतपणे परत मागा, हिसकाहिसकी अजिबात नको. धक्काबुक्की झाली की सरकारी नोकरावर हल्ल्याचा, ज्याला आपण इतकी वर्षं ३५३ म्हणत आलो तो गुन्हा लागतो (आता भारतीय न्याय संहितेत कलम १३२) आणि मग लाचेचा विषय बाजूलाच राहतो.

पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढून कारवाई करायला राज्याच्या वाहतूक विभागाने जुलै २०२५ मध्ये मनाई केलीय, तेव्हा तसं दिसलं तर "साहेब, मशीनवर घ्या ना" म्हणा, बहुतेक वेळा सूर तिथेच बदलतो.

हल्ली रोख कोणी घेत नाही, "त्या पानटपरीवर स्कॅन करा" म्हणतात. सरकारी दंड टपरीवाल्याच्या यूपीआयवर जात नसतो एवढं पक्कं लक्षात ठेवा. नेमप्लेटवरचं नाव, बक्कल नंबर, चौक, वेळ मनात टिपा आणि पुढे जाऊन लगेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा, संध्याकाळपर्यंत निम्मं विसरायला होतं.

पैसे द्यावेच लागले तर गप्प बसू नका. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला) कळवलं तर सुटका आहे. यूपीआयचा स्क्रीनशॉट तेव्हा कामी येतो.

सगळ्यात जास्त पिळले जातात ते टेम्पोवाले, रिक्षावाले आणि डिलिव्हरीची पोरं, रोज त्याच चौकातून जायचं म्हणून तोंड उघडत नाहीत, आणि शंभर-दोनशे म्हणजे त्यांच्या दिवसाच्या कमाईचा मोठा तुकडा असतो, हे बघून खरंच चीड येते. महिन्याचा हप्ता मागत असतील तर देण्याआधीच एसीबीच्या १०६४ या टोल फ्री नंबरवर फोन करा. ते आधी पंचांसमोर मागणीची पडताळणी करतात, व्हॉइस रेकॉर्डर लावतात, मगच सापळा रचतात. त्यामुळे पुरावा गोळा करायचं सगळं ओझं तुमच्या एकट्यावर राहत नाही.