सरहद्दीवरच्या सजवलेल्या रायफली: ओळखताना, घेताना आणि जपताना या चुका टाळा

दस्त्यात बसवलेले शिंपल्याचे तुकडे, पकडीच्या जागी गुंडाळलेली तांब्याची तार, ओळीने ठोकलेले पितळी खिळे आणि बाजूच्या लोखंडावर मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ ही अक्षरं. अफगाणिस्तान आणि वायव्य सरहद्दीकडून आलेली सजवलेली मार्टिनी-हेन्री रायफल साधारण अशी दिसते. लिलावात किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानात ती समोर आली की नजर आधी नक्षीवर जाते, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नक्षी बंदुकीवर सर्वांत शेवटी चढते. कधी कधी तर गिऱ्हाईक दारात आल्यावर चढते. म्हणून आधी लोखंड बघायचं, मग लाकूड, नक्षीला हात त्यानंतर.

शिक्का वाचला, पण नीट पाहिला नाही

मार्टिनी-हेन्री ब्रिटिश सैन्यात 1871 मध्ये आली. खाली एक तरफ, ती ओढली की आतला ठोकळा खाली झुकतो, एक काडतूस भरायचं आणि तरफ मिटायची. पठाण टोळ्यांना या रायफलीचं वेड लागलं. लढाईत हाती लागलेल्या, छावण्यांतून पळवलेल्या रायफली डोंगरात गेल्या. चोऱ्यांचा धाक इतका, की सरहद्दीवरचे शिपाई रात्री रायफल साखळीने अंगाला बांधून झोपत. तरीही मागणी पुरी होईना. पेशावरच्या दक्षिणेला, कोहाटच्या वाटेवरचं दर्रा आदम खेल हे आफ्रिदींचं गाव या मागणीवर उभं राहिलं. समोर अस्सल नमुना ठेवायचा आणि कानस, छिन्नी, हाताने फिरवायचा सामता एवढ्यावर तशीच दुसरी रायफल घडवायची, हा तिथल्या कारागिरांचा धंदा.

नमुन्यावर जे दिसेल ते सगळं उतरवायचं, त्यात शिक्केही आले. अक्षर वाचता येत नसलेल्या माणसाने अक्षराचं चित्र काढलं की काय होतं, ते भिंग घेऊन पाहा. ब्रिटिश सरकारी कारखान्याच्या ‘एनफील्ड’ या नावातला इंग्रजी एन अनेकदा उलटा असतो. मुकुट एका बाजूला कललेला, त्याचे मणी मोजावे तर डावीकडे कमी, उजवीकडे जास्त. कारखान्यातलं अक्षर एका ठशाने बसतं, त्यामुळे त्याची खोली सारखी असते. हाताने कोरलेल्या अक्षरात प्रत्येक रेघ वेगळी, वळणावर छिन्नी घसरल्याची बारीक खूणही सापडते.

सगळ्यात सोपी कसोटी सनाची. ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, आणि ती जानेवारी 1901 मध्ये गेली. मुकुटाखाली व्ही. आर. आणि त्याखाली 1907 किंवा 1919 असं असेल, तर पुढे वाद घालायची गरज नाही.

शिक्का बरोबर वाटला तर नळीत डोकवा. अस्सल नळीत एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्रीने आखलेले सात आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा असतात. नकलेत ते कमी, उथळ किंवा वाकडे निघतात, काहींत नळी सरळ गुळगुळीतच असते. आणखी एक गंमत: नळी खरी, मागची पेटी दर्राची आणि दस्ता तिसऱ्याच बंदुकीचा, असाही प्रकार सर्रास मिळतो. एक भाग खरा निघाला म्हणून उरलेले खरे ठरत नाहीत. प्रत्येक भाग वेगळा तपासा.

मैवंदची गोष्ट ऐकून खिसा सैल करणं

विकणारा हमखास सांगतो, ‘ही मैवंदची लूट.’ 27 जुलै 1880 ला अफगाणिस्तानात कंदाहारजवळ मैवंदला अफगाण शहजादा अयूबखानाने ब्रिटिशांचा मोठा पराभव केला, हे खरं. या लढाईचा आपल्याशी थेट संबंध आहे, कारण तिथे मार खाल्लेली फौज मुख्यतः मुंबई लष्कराची होती: पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि तिसावी, म्हणजे जेकब्स रायफल्स. सोबत 66 वी ही गोरी पलटण.

पण 1857 नंतर देशी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, असं सरकारी धोरण होतं. त्यामुळे मैवंदला मार्टिनी होत्या त्या 66 वीकडे; ग्रेनेडियर्स आणि जेकब्सच्या शिपायांच्या हातात जुन्या स्नायडर होत्या. म्हणजे ‘मैवंदला पडलेल्या देशी शिपायाची मार्टिनी’ ही गोष्ट ऐकताक्षणी कान टवकारायला हवेत. आणि रायफलीवर चौथ्या मार्कचा, म्हणजे चौथ्या सुधारित आवृत्तीचा आकडा असेल तर गोष्ट संपलीच, कारण तो मार्क 1888 मध्ये निघाला. गोष्टीची किंमत वेगळी मोजू नका. कागद असेल तर ठीक, नाहीतर समोरच्या लोखंडाइतकेच पैसे.

नक्कल म्हटल्यावर भंगारात काढणं

ही चूक अर्धवट माहितगार करतात. ‘खैबर पासचा माल’ म्हटलं की नाक मुरडायचं. माझ्या मते दर्राची जुनी रायफल हा त्या गावच्या लोहारकामाचा अस्सल नमुना आहे. फसवणूक होते ती तिला ब्रिटिश म्हणून विकण्यात.

शिवाय ब्रिटिश शिक्का नाही म्हणजे दर्राच, असंही नाही. अफगाणिस्तानचा अमीर अब्दुर रहमानने 1880 च्या दशकात काबूलला ‘माशीनखाना’ उभारला. वाफेवरची यंत्रं आणवून तिथे मार्टिनी बनवल्या. त्यांच्यावर मशिदीचं चिन्ह आणि हिजरी सन असतो. 1314 दिसलं तर ते इ. स. 1896-97. हे आकडे फारसी वळणाचे असतात, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याला ती नुसती वेलबुट्टी वाटते. काबूलचं असं सरकारी काम ‘लोकल कॉपी’ म्हणून स्वस्तात विकलं जातं आणि शेजारी कललेल्या मुकुटाची रायफल तिप्पट भाव खाते.

नवी नक्षी आणि जुनी नक्षी यात गल्लत

बाजारातले कारागीर साध्या जुन्या बंदुकीवर शिंपले आणि उंटाचं हाड चिकटवून तिला ‘टोळीवाल्यांची’ बनवतात. परदेशी सैनिक आणि पर्यटक हे त्यांचं मोठं गिऱ्हाईक. अशी नक्षी ओळखायची तर बंदूक खांद्याला लावल्यासारखी धरा. गाल टेकतो तिथे, डावा तळवा बसतो तिथे वर्षानुवर्षांच्या वापराने नक्षी घासलेली हवी. जिथे हात पोचतच नाही तिथे ती उठावदार राहिलेली हवी. सगळीकडे सारखीच झिजली असेल, तर ती हाताने नव्हे, पॉलिश कागदाने झिजली आहे. तुकड्यांच्या कडेला चकचकीत डिंकाची रेघ दिसली की समजून जा.

खिळ्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या मैदानी टोळ्यांच्या बंदुकांवरून बरंच शिकता येतं. लाकोटा, शायेन वगैरे लोक व्यापाऱ्यांकडून मिळालेले पितळी खिळे रायफलीच्या दस्त्यावर ठोकत. त्या काळचे खिळे बहुतेक ओतीव, डोकं आणि चौकोनी निमुळता दांडा दोन्ही पितळेचे. नंतरच्या खिळ्यांना पितळी टोपी आणि पोलादी दांडा आला. पडलेल्या खिळ्याच्या भोकात गंज दिसला तर प्रश्न विचारायला जागा आहे. खिळा काढून बघू नका मात्र. चुंबक जवळ नेला तरी काम होतं.

‘एक खिळा म्हणजे एक बळी’ ही समजूत तर सोडूनच द्या. पितळ चमकतं, छान दिसतं, एवढं कारण पुरेसं होतं. बंदुकीवरच्या खुणेचा अर्थ सांगायचा असेल तर ती कोणी केली हे माहीत हवं. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये टी. ई. लॉरेन्सची (‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’) ली-एनफील्ड रायफल आहे. गॅलिपोलीला तुर्कांनी ती ब्रिटिशांकडून जिंकली, तिच्यावर सोन्याने तसा मजकूर कोरवला, तुर्की युद्धमंत्री एन्व्हर पाशाने ती अरब नेता अमीर फैजलला दिली आणि फैजलने डिसेंबर 1916 मध्ये लॉरेन्सला. लॉरेन्सने दस्त्यावर आपली आद्याक्षरं आणि तारीख कोरली. तिथे प्रत्येक खुणेमागे नाव आहे. आपल्या हातातल्या रायफलीला असं काही नसेल, तर नोंदीत ‘पितळी खिळे, ओळीत’ इतकंच लिहावं.

घासूनपुसून ‘पहिल्यासारखी’ करणं

घरात आल्यावर सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. पितळ दिसलं की चिंच, लोखंड दिसलं की तारेचा ब्रश. चिंचेतलं आम्ल खिळ्याच्या कडेने लाकडात उतरतं, आणि शंभर वर्षांचा तपकिरी थर दहा मिनिटांत जातो. तो परत येत नाही. कातड्याला लागलेल्या पितळावर हिरवा मेणचट थर येतो, तो कातड्यातल्या स्निग्धपणाने. तो बांबूच्या काडीने हलकेच खरवडा, बाकीच्या पितळाला हात लावू नका. लाकडावर नुसता मऊ कोरडा कपडा. स्प्रे तेल अजिबात नको, ते लाकडात मुरून काळे डाग पडतात.

दस्त्यावरची तार किंवा कातडं ‘मागाहून लावलेलं’ म्हणून सोडणारेही आहेत. दस्त्याचा सर्वांत नाजूक भाग हाताच्या पकडीचा. पडझडीत तो तिथेच तडकतो. मैदानी टोळ्यांचे लोक ओलं कच्चं कातडं तिथे ताणून शिवत; वाळताना ते आक्रसून तडा घट्ट आवळतं. सरहद्दीवर तेच काम तार आणि पितळी पत्रा करतो. ते सोडलंत तर बंदुकीचा वापरातला इतिहास जातो, आणि बहुधा दस्ताही दोन तुकड्यांत हातात येतो.

रिकामी आहे असं धरून चालणं

भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या ठासणीच्या जझाईलमध्ये (लांब नळीची अफगाण बंदूक) दारू आणि गोळी तशीच सापडल्याची उदाहरणं आहेत. लाकडी काठी तोंडातून अलगद शेवटपर्यंत घालून खूण करा, मग तीच काठी नळीच्या बाहेर लावून पाहा. मागच्या टोकापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे. पुढचं काम जाणकाराचं. भाता किंवा ड्रिल घेऊन बसू नका. दर्राची मार्टिनी चालवून पाहण्याचा मोह तर नकोच. पोलाद कुठलं, पाणी कसं दिलं, काही ठाऊक नसतं, आणि अस्सल मार्टिनीसुद्धा काळ्या दारूच्या दाबासाठी बनलेली आहे.

कागदपत्रं नंतर बघू म्हणणं

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी: तिथल्या कायद्यात 1898 पर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरतात. बनलेली कधी हे महत्त्वाचं, कोरलंय काय हे नाही. 1878 चा शिक्का असलेली मार्टिनी दर्रात 1960 साली घडली असेल, तर ती अँटिक नाही. भारतात शस्त्र कायदा 1959 मध्ये जुन्या हत्यारांना सवलत आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच हत्यारांना. हे आपण ठरवायचं नसतं. शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, हा 1972 चा पुरावशेष कायदा वेगळाच. परदेशातून परवान्याशिवाय रायफल आणली तर कस्टम्सवाले नक्षीचं कौतुक करत बसणार नाहीत. सौदा करण्याआधीच जिल्ह्याच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.