लेन्स विकायला काढण्याआधी गच्चीवर एक सकाळ

मे महिन्यातल्या भर दुपारी नागपूरच्या फुटाळा तलावावर गेलो, दूरचं जवळ आणणाऱ्या २०० मिमीवर पलीकडच्या काठाचे फोटो काढले आणि घरी आल्यावर लेन्स विकायचीच भाषा सुरू केली. एकही कड धारदार नाही, सगळं थरथरल्यासारखं. पण दोष लेन्सचा नव्हता. तापलेल्या डांबरावरून हवा नाचत होती, तिच्यातून काय शार्प येणार बाप्पा! म्हणून लेन्सची तपासणी करायची तर सकाळी सातच्या आत.

गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवा: एक मध्ये, चार फ्रेमच्या कोपऱ्यांत. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा आणि भिंतीला समांतर करा. तो कसा करायचा? मधल्या पानावर छोटा आरसा सपाट टेकवा. व्ह्यूफाइंडरच्या बरोबर मध्यात आपल्याच लेन्सचा डोळा दिसला की झालं. लेन्सवरचा स्वस्तातला फिल्टर काढून ठेवा, हात हलला तरी फोटो सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद करा, आयएसओ १००, टायमर २ सेकंद. फाइल रॉच घ्या, म्हणजे कॅमेऱ्यानं न सजवलेली, कारण जेपेगमध्ये बरेच कॅमेरे कडांना उमटणारी रंगीत किनार परस्पर पुसतात आणि आपल्याला खरं काही कळत नाही.

लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून मधल्या अक्षरांवर फोकस लावा, मग मॅन्युअलवर टाका. आता सगळ्यात उघड्या अॅपर्चरपासून, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्रापासून, एकेक पायरी (आकडा वाढतो तसं छिद्र लहान): १.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. कॉम्प्युटरवर १०० टक्क्यांवर बघा. ५० मिमी एफ १.८ घेतली तर मधली अक्षरं साधारण २.८ ते ४ ला खणखणीत होतात, कोपऱ्यांना मात्र ५.६ ते ८ लागतं. १६ ला पुन्हा सगळंच थोडं मऊ पडतं. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यात कुणाचीच चूक नाही.

एकच कोपरा मऊ असेल तर कॅमेरा उलटा बसवून पुन्हा काढा. फ्रेममधला तोच कोपरा मऊ राहिला तर लेन्समधली काच सरकलेली असू शकते, सर्व्हिसला न्या. मऊपणा समोरच्या कोपऱ्यात गेला तर कॅमेरा भिंतीला तिरपा होता.

आता रंगीत किनार. कडुनिंबाच्या बारीक फांद्या पांढऱ्या आकाशावर घ्या, काही मध्ये, काही अगदी फ्रेमच्या टोकाला. काच निळा आणि लाल प्रकाश सारखा वाकवत नाही, त्यामुळे दोन्ही रंगांच्या प्रतिमा आकारानं किंचित वेगळ्या पडतात. म्हणून टोकाच्या फांदीच्या एका बाजूला लालसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवट-निळी रेघ, मध्ये मात्र काही नाही. अॅपर्चर कितीही बंद करा, ती जात नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये एका टिचकीत जाते, तेव्हा हिची काळजी सोडा.

दुसरी किनार चिवट. स्टीलची पट्टी टेबलावर उन्हात ठेवा, कॅमेरा तिरपा धरून मधल्या आकड्यावर फोकस लावा, अॅपर्चर पूर्ण उघडं. फोकसच्या अलीकडचे आकडे जांभळट, पलीकडचे हिरवट दिसले तर ही ती. रंग एकाच अंतरावर फोकस होत नाहीत, त्यामुळे ही फ्रेमच्या मध्यावरही येते. दोन पायऱ्या अॅपर्चर बंद केलं की बरीच उतरते, आणि तोच उपाय आधी करावा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये किनारीचा रंग पुसणारा डीफ्रिंजचा स्लायडर ओढता येतो, पण जपून. एका लग्नात मी तो जोरात ओढला आणि किनारीबरोबर पैठणीचा जांभळा काठही राखाडी झाला. तेव्हापासून तो स्लायडर सगळ्या फोटोवर नाही, लागेल तेवढ्याच जागी ब्रशनं लावतो.

निकाल मनात ठेवू नका, विसरतात. माझ्या ५० मिमीच्या टोपणाच्या आत चिठ्ठी आहे: ‘मध्य ४, कोपरे ८’.