मोटारसायकलच्या टायरमधील हवा: किती ठेवावी, कधी मोजावी

प्रथम आपल्या गाडीसाठी ठरवून दिलेला आकडा शोधावा. तो गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि बहुधा चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवरही छापलेला असतो. मागे कोणी बसणार असेल, तर मागच्या टायरसाठी बहुतेक गाड्यांना जास्त दाब सांगितलेला असतो. रोज जोडीने प्रवास करणाऱ्यांनी तोच पाळावा. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा मात्र त्या टायरची कमाल मर्यादा दाखवतो, म्हणून तेवढी हवा भरू नये.

हा दाब थंड टायरसाठी असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी, म्हणजे सकाळी निघण्यापूर्वीची वेळ उत्तम. चालताना टायर तापतो आणि तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढले की दाब सुमारे १ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) चढतो. मुंबईत खरी अडचण इथेच येते, कारण वाहतुकीतून वाट काढत पेट्रोल पंपावर पोहोचेपर्यंत टायर गरम झालेला असतो. यासाठी स्वतःचा गेज (दाब मोजण्याचे साधन) घ्यावा आणि तूट घरीच मोजावी. समजा, हवे आहेत २९ आणि सकाळी गेजवर दिसले २६, तर तूट ३ ची. पंपावर गरम टायर २८ दाखवत असेल, तर ३१ पर्यंत भरावे. गरम टायरमधली हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नये.

पावसाळ्यात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कमी हवेचा टायर रस्त्यावरचे पाणी नीट बाजूला सारू शकत नाही, त्यामुळे पाण्याच्या थरावर तरंगून घसरण्याचा धोका कमी वेगातच सुरू होतो. शिवाय पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकते ती वेगळीच. उलट, गरजेपेक्षा जास्त हवा भरली, तर टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, झिजतो आणि पेव्हर ब्लॉकवर गाडी उसळते.

तपासणी दर पंधरा दिवसांनी करावी. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, म्हणून एकाच टायरची हवा पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर तो पूर्ण फिरवून पाहावा. खिळा दिसल्यास स्वतः उपटू नये, पंक्चरवाल्याकडे जावे. खिळा नसेल, तर व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी टाकावे आणि बुडबुडे आल्यास व्हॉल्व्हमधली पिन बदलून घ्यावी.