आधी ऑप्शन बघा

मिलवॉकी, कॅन्सस सिटी, सिनसिनाटी अशा बेताच्या बजेटच्या अमेरिकी बेसबॉल संघांना वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम लढत) संपली की पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जमवायचे वेध लागतात. मित्रांच्या सिम्युलेशन लीगमध्ये (नकली लीगच्या खेळात) मी असाच एक संघ चालवतो. मागच्या मोसमात जुलैतच माझा पिचिंगचा डबा वाजला, म्हणून यंदा आधीच यादी केली आहे.

पैसे किती आहेत ते बघा, हे काय सांगायचं. चांगला कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) हवा, तेही उघड आहे.

पहिलं खरं काम मोजणीचं. रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने सामना सुरू करणाऱ्यांत, पाच स्टार्टर असतात, पण मोसमाचे 162 सामने पाच जणांवर निघत नाहीत. आठ-नऊ धरूनच चाला. मिलवॉकीने 2025 चा मोसम न्यूयॉर्कमध्ये सुरू केला आणि यांकीजने तीन सामन्यांत 36 धावा कुटल्या. दुसऱ्या सामन्यात तर नेस्टर कोर्तेसच्या पहिल्या तीन चेंडूंवर तीन होमरन. निम्मे पिचर जायबंदी. शेवटी 7 एप्रिलला बॉस्टनकडून क्विन प्रीस्टर आणावा लागला. त्याने 13 सामने जिंकून दिले, संघ 97 जिंकला, सगळं छान झालं. पण दर एप्रिलला प्रीस्टर सापडत नसतो.

आता मुद्द्याचं. सहावा, सातवा, आठवा पिचर घेताना त्याचे ऑप्शन, म्हणजे त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायची मुभा, शिल्लक आहेत का ते बघा. किंमत नंतर, ऑप्शन आधी. संघात खेळाडू 26, त्यात पिचर जास्तीत जास्त 13. ऑप्शन शिल्लक असेल तर जास्तीच्या पिचरला ट्रिपल-ए मध्ये (लगेच खालच्या लीगमध्ये) पाठवता येतं आणि लागला की परत बोलावता येतं. अशी सोय साधारण तीन मोसम मिळते, एका मोसमात पाच वेळा. खाली गेलेला पिचर किमान 15 दिवस तिथेच राहतो, वर कुणी जायबंदी झाला तरच लवकर येतो. ऑप्शन संपले की खाली पाठवण्याआधी तोच पिचर वेव्हरवर टाकावा लागतो, म्हणजे बाकी संघांसमोर खुला करावा लागतो, आणि कुणीही फुकटात उचलतो. मेजर लीगमध्ये पाच वर्षं सेवा झालेला तर मर्जीशिवाय खाली जातच नाही. स्वस्तातले अनुभवी पिचर नेमके याच वर्गातले असतात. माझे राखीव पिचर सगळे असलेच होते. कागदावर भरपूर, हलवता एकही येईना. म्हणून परत सांगतो, ऑप्शन बघा.

पैसा खर्च करायचा तर कॅन्सस सिटीसारखा करा. 2023 मध्ये 106 सामने हरल्यावर डिसेंबरात त्यांनी सेथ लुगोला 3 वर्षांचे 4.5 कोटी डॉलर दिले आणि मायकेल वाकाला 2 वर्षांचे 3.2 कोटी. दोघंही पहिल्या फळीतले नव्हते, क्वालिफाइंग ऑफरचं (जुन्या संघाने देऊ केलेल्या एका वर्षाच्या कराराचं) लचांडही नव्हतं, म्हणजे ड्राफ्टमधली, नवे खेळाडू निवडतानाची, निवड शाबूत. पुढच्या वर्षी 86 विजय, आणि लुगो साय यंगच्या (सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या) मतदानात दुसरा. त्याआधीची त्यांची चाल मला जास्त आवडते: अरोल्डिस चॅपमन हिवाळ्यात एका वर्षासाठी स्वस्तात घ्यायचा आणि जूनअखेर टेक्ससला देऊन कोल रेगन्स आणायचा.

परदेशात बघा. मेरिल केली कोरियात खेळत होता. ॲरिझोनाने 2018 च्या डिसेंबरात त्याला दोन वर्षांसाठी 55 लाख डॉलरांत आणलं आणि 2023 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याने सात इनिंग्जमध्ये एकच धाव दिली.

जायबंदी पिचर स्वस्त दिसतो, भुलू नका. ब्रँडन वुडरफच्या खांद्याचं ऑपरेशन ऑक्टोबर 2023 मध्ये झालं. मिलवॉकीने त्याला फेब्रुवारीत 2 वर्षांसाठी 1.75 कोटीला परत घेतलं, आणि तो माउंडवर (पिचरच्या जागी) उभा राहिला जुलै 2025 मध्ये. असा पिचर जरूर घ्या, पण आठ-नऊ जणांत धरू नका. शिवाय 60 दिवसांची जायबंदी यादी (तिच्यातले खेळाडू संघाच्या 40 जणांच्या यादीत मोजत नाहीत) हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे तो त्या 40 च्या यादीत जागा अडवून बसतो. ती जागा ऑप्शनवाल्या पोराची असते, हे विसरू नका.

जानेवारीत आर्बिट्रेशन (खेळाडूंच्या पगाराचा लवाद) उरकून घ्या. मायनर लीग (खालच्या लीगच्या) करारावर चार-पाच जण मोसमाआधीच्या कॅम्पला बोलवा, फारसा खर्च नाही. मोठा स्टार्टर मार्चवर ढकलू नका. ॲरिझोनाने 2024 मध्ये जॉर्डन माँटगोमरी मार्चअखेर 2.5 कोटीला घेतला आणि त्याचा ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) 6.23 निघाला. मिलवॉकीला पुढच्या मार्चमध्ये होजे किंटाना 42.5 लाखांत मिळाला आणि बरा खेळला, पण तेवढ्या पैशात फसला असता तरी चाललं असतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वेव्हरवर रोज नजर ठेवा. दुसऱ्यांचे ऑप्शन संपलेले पिचर तेव्हाच सुटतात. एक जागा मोकळी ठेवा, आणि ती फक्त तुमच्या सगळ्यात वाईट रिलीव्हरपेक्षा (स्टार्टरनंतर येणाऱ्या पिचरपेक्षा) बरा असेल त्यालाच द्या.