फरशी गरम होत नाही? टाइल्स फोडण्याआधी हे तपासा

फरशीखालची हीटिंग बंद पडली की पहिला संशय फरशीखालीच जातो: पाइप फुटला असेल, केबल तुटली असेल. बहुतेक वेळा दोष निघतो तो भिंतीवरच्या थर्मोस्टॅटमध्ये नाहीतर मॅनिफोल्डच्या, म्हणजे गरम पाणी खोल्याखोल्यांच्या पाइपांत वाटणाऱ्या जोडणीच्या, कपाटात. म्हणून फरशीचा नंबर सगळ्यात शेवटी.

आधी खरंच बिघाड आहे का ते ठरवा. जाड काँक्रीटच्या थरातली यंत्रणा बरेच दिवस बंद असेल तर तापायला काही तास घेणारच. शिवाय ही फरशी तव्यासारखी चटकन तापत नाही. राहत्या खोलीत तिचा पृष्ठभाग साधारण २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, त्यामुळे तळव्याला ती कोमटच लागते. हात लावून अंदाज बांधू नका, थर्मामीटरने मोजा. जाड गालिचा किंवा गादी पसरली असेल तर तीही उचला.

मग थर्मोस्टॅट. बॅटरी, घड्याळ आणि चुकून लागलेला सुट्टीचा मोड बघा. आता सेटिंग पाच अंशांनी वाढवा आणि खोल्या-खोल्यांतून फिरा. एका खोलीचा थर्मोस्टॅट वाढवल्यावर दुसरीच खोली तापू लागली, तर वायरी अदलाबदल झाल्या आहेत. नव्या घरांत हा गोंधळ वाटतो त्याहून जास्त सापडतो.

गरम पाण्याच्या यंत्रणेत यानंतरचा प्रश्न एकच: सगळं घर गार आहे की एकच खोली? सगळं घर गार असेल तर बॉयलर किंवा हीट पंप, पाणी फिरवणारा पंप आणि मिक्सिंग व्हॉल्व्ह (फरशीत जाणाऱ्या पाण्याचं तापमान राखणारा) तपासा. प्रेशर गेजवर साधारण १ ते १.५ बार दिसायला हवं.

एकच खोली गार असेल तर मॅनिफोल्डपाशी या. प्रत्येक लूपवर, म्हणजे फरशीखालच्या पाइपच्या एकेका वेटोळ्यावर, एक अ‍ॅक्च्युएटर बसवलेला असतो: व्हॉल्व्ह उघड-बंद करणारं छोटं विजेचं यंत्र. थर्मोस्टॅटने हाक दिल्यावर तो उघडायला तीन ते पाच मिनिटं घेतो, तेवढं थांबा. तरीही त्या लूपच्या फ्लो मीटरचा (पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा शून्यावरच असेल, तर वीजपुरवठा बंद करून तो अ‍ॅक्च्युएटर हाताने फिरवून काढा. खाली एक बारीक पिन दिसेल. ती स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दाबून सोडा. स्प्रिंगने वर उसळली पाहिजे. अडकली असेल तर अशीच पुन्हा पुन्हा दाबून मोकळी करा, पण पकडीने वर ओढू नका. पिनेची सील गेली तर पाणी बाहेर येतं. पिन ठीक असेल तर अ‍ॅक्च्युएटर काढलेलाच ठेवा, वीज सुरू करा आणि पंप चालावा म्हणून दुसऱ्या एखाद्या खोलीचा थर्मोस्टॅट वाढवा. काटा हलला आणि पाइप तापला, तर पाणी नीट वाहतंय. मग दोष अ‍ॅक्च्युएटरमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा थर्मोस्टॅटमध्ये.

काटा तरीही हलला नाही तर बहुधा लूपमध्ये हवा अडकली आहे. बॉयलर आणि पंप बंद करा, मॅनिफोल्डचे मुख्य व्हॉल्व्ह मिटा, बाकीचे लूप बंद करा आणि त्या एकाच लूपमधून नळीने पाणी सोडा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग प्रेशर पूर्ववत करा. यंत्रणेत अँटिफ्रीझ असेल तर हे काम तंत्रज्ञाकडे द्या, नाहीतर ते पातळ होतं.

प्रेशर सतत उतरत असेल तर लूप दोन्ही टोकांना एकेक करून बंद करून बघा. ज्याला बंद केल्यावर प्रेशर गेजचा काटा स्थिर राहतो, गळती त्यातच.

इलेक्ट्रिक मॅटची, म्हणजे पाण्याऐवजी विजेच्या केबलने तापणाऱ्या यंत्रणेची, गोष्ट वेगळी. आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल तर ती उचलत बसू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाथरूममध्ये तर नक्कीच. बाकी वेळी मेन स्विच बंद करा, वीज नाही याची टेस्टरने खात्री करा आणि थर्मोस्टॅटपासून मॅटच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. हिशोब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवरच्या ४५० वॅटच्या मॅटला साधारण ११८ ओहम यायला हवेत. मीटरने अनंत दाखवलं तर केबल तुटली आहे. अर्थिंगशी मात्र कुठल्याही वायरीचा संबंध दिसता कामा नये.

केबल ठीक असेल तर फरशीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. बऱ्याच सेन्सरना २५ अंशांना १० किलो-ओहम येतात, गारव्यात त्याहून जास्त. सेन्सर वेगळ्या नळीतून टाकलेला असेल तर तो ओढून नवा घालता येतो, एकही टाइल न काढता. तोवर काही थर्मोस्टॅट हवेच्या तापमानावर चालवता येतात, पण वर लाकडी फरशी असेल तर असं करू नका. तिला साधारण २७ अंशांची मर्यादा सांभाळणारा सेन्सर लागतोच.

एवढं करून दोष खालीच आहे हे ठरलं, तर थर्मल कॅमेरा असलेला माणूस बोलवा. नेमकी जागा सापडली की एखाद-दुसरी टाइल काढून जोड देता येतो. केबलला जोड दिल्यावर टाइल बसवण्याआधी रेझिस्टन्स पुन्हा मोजून दाखवायला सांगा.