स्पिरिटच्या बर्नरवर घरचा टोप: मुक्कामी ट्रेकआधीची तयारी

ट्रँगिया या स्वीडिश कंपनीचा 1951 पासून चालत आलेला स्पिरिटचा स्टोव्ह ज्यांच्याकडे आहे, त्यांना त्याच्या लहान संचातली एकेका लिटरची पातेली चौघांच्या खिचडीला पुरत नाहीत हे एव्हाना कळलेले असते. मग घरातला चोवीस सेंटिमीटरचा टोप सॅकमध्ये जातो आणि स्टोव्हच्या वारारोधक कड्यावर तसाच ठेवला जातो. हे करू नये. मूळ रचनेत पातेले कड्याच्या आत उतरते व त्याच्या भोवतीच्या फटीतून जळलेला वायू बाहेर पडतो. मोठा टोप वर बसला की ती वाटच बुजते, ज्योत गुदमरते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून बर्नरला हात न लावता टोपासाठी नवे बसकण तयार करावे, आणि ते निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, निदान आठवडाभर आधी.

सर्वप्रथम मोजमाप घ्यावे. पितळी बर्नरचा व्यास सुमारे साडेसात आणि उंची सुमारे साडेचार सेंटिमीटर असते. टोपाचा तळ त्याच्या तोंडापासून तीनेक सेंटिमीटर वर राहावा, असा माझा अनुभव आहे. तेव्हा साडेसात सेंटिमीटर उंचीवर कापता येईल असा, चौदा सेंटिमीटर व्यासाचा सरळ उभा स्टीलचा डबा शोधावा; बर्नर त्याच्या आत तळावर आणि टोप त्याच्या काठावर बसेल. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा फुकट मिळाला तरी घेऊ नये, कारण तापल्यावर त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. डब्याचा तळ राखावा, म्हणजे सांडलेले स्पिरिट गवतात जाणार नाही. खालच्या बाजूला हवेसाठी आणि वरच्या काठालगत वायू बाहेर पडण्यासाठी बोटभर रुंदीची भोके सर्व बाजूंनी पाडावीत, आणि कापलेली प्रत्येक कड कानशीने घासावी. पत्र्याने चिरलेला अंगठा घेऊन गड चढण्यात काही मौज नाही.

त्यानंतरची चाचणी मोकळ्या जागी, पाणी भरलेल्या टोपासह घ्यावी. रिकामा टोप कशावरही उभा राहतो. तीन लिटर पाण्याचा टोप हलवल्यावर डबा डगमगला, तर बसकण अजून झालेले नाही. गोल बुडाचे पातेले असेल तर ते या कामासाठी सोडूनच द्यावे. बर्नरमध्ये दोन तृतीयांशापेक्षा जास्त स्पिरिट भरू नये. टोप मोठा झाला म्हणून बर्नर मोठा होत नाही, ही गोष्ट बेत ठरवताना हमखास विसरली जाते: लिटरभर पाणी उकळायला साधारण आठ मिनिटे लागतात आणि एक भरण पंचवीसेक मिनिटेच जळते, म्हणजे दोन लिटर पाण्याला उकळी येईपर्यंत ते बरेचसे संपलेले असते. हरिश्चंद्रगडासारख्या सुमारे 1,424 मीटर उंचीवर पाणी पंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळत असल्याने डाळ-तांदूळ शिजायला आणखी वेळ लागतो. डाळ घरीच भिजवून न्यावी आणि घरच्या चाचणीत जेवढे स्पिरिट लागले त्याच्या दीडपट सोबत ठेवावे.

दुसरे भरण करताना ज्योत पूर्ण विझली आहे आणि बर्नर हाताला गार लागतो आहे, याची खात्री करणे अनिवार्य आहे. भर उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही. केवळ डोळ्यांवर विसंबू नये. विझवण्यासाठी टोप सांडशीने उचलून बाजूला ठेवावा व आच कमी करायचे कडे बंद करून वरून टाकावे. रबरी वाटोळे असलेले फिरकीचे झाकण मात्र गरम बर्नरवर कधीही लावू नये, ते वितळते. आच कमी करायचे कडे टाकायला डब्याच्या आत पक्कड फिरेल एवढी जागा आहे का, हेही घरीच पाहून घ्यावे.

स्पिरिट घट्ट बुचाच्या बाटलीत, पाण्याच्या बाटलीहून वेगळी ओळखू येईल अशा खुणेसह ठेवावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी ते सोबत नेऊ नये, कारण असे ज्वालाग्राही द्रव्य डब्यात नेणे 1989 च्या रेल्वे कायद्यानुसार दंडनीय आहे. कसाऱ्यापर्यंत लोकलने जाऊन पुढे गाडी करणाऱ्यांनी स्वयंपाकाचा वेगळा विचार करावा. तंबूत स्टोव्ह पेटवू नये. फेब्रुवारीनंतर गडावरचे गवत वाळलेले असते, त्यामुळे उघडा कातळ पाहूनच चूल मांडावी व शेजारी पाण्याने भरलेली बाटली ठेवावी. भरताना बर्नर डब्यात, डबा टोपात, आणि टोपाची काजळी कपड्यांना लागू नये म्हणून सगळे एका जुन्या पिशवीत घालावे.